वाटेचे तास कोणाच्या मापात?

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, जो साऱ्या विश्वाचा पालनकर्ता आहे; आणि त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.), त्यांचे कुटुंबीय व त्यांचे सहकारी यांच्यावर त्याची कृपा व शांती असो.

दिव्य कुरआनच्या ८३ व्या सूरहचे नाव 'अल्-मुतफ्फिफीन' असे आहे. मापात काटछाट करणारे, हा त्या शब्दाचा अर्थ. सूरहच्या पहिल्या तीन आयतींत अल्लाहने अशा लोकांना विनाशाची ताकीद दिली आहे, जे स्वतः घेताना माप काठोकाठ भरून घेतात आणि दुसऱ्याला मोजून देण्याची वेळ आली की हात आखडतात. लगेच पुढे प्रश्न केला आहे की, एका महान दिवशी आपल्याला पुन्हा उठविले जाणार आहे, याचा या लोकांना विसर पडला आहे काय?

या आयती वाचताना आपल्या डोळ्यांसमोर धान्याचा काटा उभा राहतो. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजार समितीत तूर आणि सोयाबीन मोजणाऱ्याने त्या ऐकाव्यात, आपला त्यांच्याशी संबंध नाही, असे वाटून आपण पुढे जातो. परंतु इमाम मालिक (रह.) यांनी 'मुवत्ता'मध्ये असे नमूद केले आहे की, पुरेपूर देणे आणि काटछाट करणे या दोन्ही गोष्टी प्रत्येक बाबतीत संभवतात. ज्या प्रसंगाच्या ओघात हा विचार आला आहे, तो धान्याचा नाही, नमाजचा आहे. म्हणजे माप केवळ पायलीचे नसते. हक्काचे माप असते, शब्दाचे असते आणि वेळेचेही असते. आज आपल्याला वेळेच्या मापाविषयी बोलायचे आहे. आणि त्यातही अशा वेळेविषयी, जी आपल्या वऱ्हाडात रोज खर्च होते, पण बहुधा कोणाच्याही हिशेबात येत नाही.

ज्याचे घर हेच कार्यालय

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या आसपासच्या माणसांकडे पाहा. अनेकांना आता ठरलेले दुकान नाही, ठरलेले कार्यालय नाही. सकाळी मोबाइलवर पत्ता येतो आणि माणूस घरूनच निघतो. फ्रिज, एसी, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, मोबाइल टॉवरवर चढणारा, सौरपंप बसविणारा, बियाणे कंपनीचा क्षेत्र प्रतिनिधी, औषध कंपनीचा एमआर, हे सारे या वर्गातले. एमआरच्या नेमणूकपत्रात अमरावती किंवा अकोला हे 'हेडक्वार्टर' लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते हेडक्वार्टर म्हणजे त्याचे स्वतःचे घर असते. त्याच्या पिशव्या तेथेच, त्याचा रात्रीचा अहवालही तेथूनच.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचे उदाहरण घ्या. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतील अनेक गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. त्यामुळे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांना तेथे मागणी आहे, आणि यंत्र आले की दुरुस्तीही आली. समजा, बडनेऱ्यात राहणाऱ्या एका तरुणाला दर्यापूर, अंजनगाव सुर्जी आणि परतवाडा असे तीन पत्ते मिळाले. तो सकाळी ७ वाजता घर सोडतो आणि सायंकाळी ६ वाजता परततो. सुमारे दीडशे किलोमीटरचा फेरा होतो. तिन्ही ठिकाणी मिळून पाना-पक्कड हातात धरून त्याने काम केले ४ तास. उरलेले ७ तास रस्त्यावर, फाटकावर, पत्ता विचारण्यात आणि गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात गेले. महिन्याच्या अखेरीस त्याला मोबदला मिळतो तो बहुधा पूर्ण केलेल्या तक्रारींचा. फार तर पेट्रोलचे पैसे हाती पडतात.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा ते तास कसे जातात, हे दुचाकीवरच्या माणसालाच ठाऊक. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर चाकात चिखल भरतो, तेव्हा दोन किलोमीटरला अर्धा तास लागतो. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे जाणाऱ्याचा तर एका भेटीत पुरा दिवस सरतो.

अमरावती-अकोला महामार्ग जगाला एका विक्रमामुळे ठाऊक झाला. जून २०२२ मध्ये या मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सुमारे १०५ तासांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता करताना प्रत्येक तास मोजला गेला, हे चांगलेच झाले. मात्र त्याच रस्त्यावरून दुसऱ्याच्या कामासाठी रोज धावणाऱ्या माणसाचे तास कोण मोजतो?

पावलांची नोंद ठेवणारा अल्लाह

मदीनेत बनू सलिमा नावाचे एक कुळ प्रेषितांच्या मशिदीपासून दूर राहत असे. मशिदीजवळ जागा मोकळी झाली, तेव्हा त्यांनी तेथे वस्ती हलविण्याचा विचार केला. प्रेषितांना (स.) हे कळल्यावर त्यांनी त्यांना आपल्याच घरांत राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले लिहिली जात होती. हा प्रसंग 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. त्याच संग्रहात हजरत उबय बिन कअब (रजि.) यांनी आणखी एका माणसाची हकीकत सांगितली आहे. त्याचे घर मशिदीपासून सर्वांत लांब होते, तरी त्याची एकही नमाज चुकत नसे. अंधारात व उन्हात बसण्यासाठी एखादे गाढव विकत घे, असे त्याला सुचविण्यात आले. त्यावर त्याने सांगितले की, मशिदीकडे जाणे आणि घरी परतणे, हे दोन्ही आपल्या खात्यात लिहिले जावे, अशी आपली इच्छा आहे. प्रेषितांनी (स.) त्याला शुभवार्ता दिली की, अल्लाहने ते सारे तुझ्यासाठी एकत्र केले आहे.

या हदीसवर क्षणभर थांबा. अल्लाहने केवळ नमाजच्या रकअती मोजल्या नाहीत. जाणे मोजले आणि परतणेही मोजले. सूरह तौबामध्ये (९:१२०-१२१) अल्लाहच्या मार्गात निघालेल्यांविषयी सांगितले आहे की, त्यांना लागणारी तहान, थकवा आणि भूक, त्यांचे प्रत्येक पाऊल आणि त्यांनी ओलांडलेली प्रत्येक दरी त्यांच्या नावे सत्कर्म म्हणून लिहिली जाते.

उपासनेचे पुण्य आणि कामाची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; एकावरून दुसरीचा कायदा काढता येत नाही, हे खरे. पण ज्या अल्लाहची आपण उपासना करतो, त्याचा हिशेब कसा आहे, हे तर आपल्याला यातून कळते. तो वाटेला रिकामी मानत नाही. ज्याला स्वतःच्या मशिदीकडे जाणाऱ्या पावलांचे पुण्य काठोकाठ भरून हवे आहे, त्याने आपल्या शब्दाखातर पन्नास किलोमीटर गेलेल्या माणसाची वाट शून्य धरावी, हे घेण्याचे एक माप आणि देण्याचे दुसरे माप नव्हे काय?

न्यायालयांसमोर आलेला प्रश्न

हा प्रश्न केवळ वऱ्हाडाचा नाही. स्पेनमध्ये टायको नावाची कंपनी सुरक्षा यंत्रणा बसविण्याचे व सांभाळण्याचे काम करीत असे. २०११ मध्ये तिने आपली प्रादेशिक कार्यालये बंद केली. तंत्रज्ञ घरूनच थेट ग्राहकांकडे जाऊ लागले. दुसऱ्या दिवसाच्या भेटींची यादी त्यांना आदल्या दिवशी मोबाइलवर मिळे आणि कधी कधी अंतर १०० किलोमीटरहून जास्त असे. पूर्वी कार्यालयात पोहोचल्यापासून वेळ मोजली जाई. आता पहिल्या ग्राहकाच्या दारापासून ती सुरू आणि शेवटच्या ग्राहकाच्या दारात ती समाप्त, असे कंपनीने ठरविले. युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी असा निर्णय दिला की, ज्यांना ठरावीक कामाचे ठिकाणच नाही, त्यांचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा आणि शेवटच्या ग्राहकापासून घरापर्यंतचा प्रवास हा कामाचाच वेळ आहे. कारण त्या वेळेत माणूस मालकाच्या सूचनेने बांधलेला असतो. तो स्वतःच्या मर्जीने ती वापरू शकत नाही. त्या वेळेचे वेतन किती असावे, हे मात्र न्यायालयाने त्या त्या देशाच्या कायद्यावर सोपविले.

आपल्या महाराष्ट्रातील एक प्रकरण याहून हृदयद्रावक आहे. ते फिरत्या कामगाराचे नाही आणि वेतनाचेही नाही. पण वाट कोणाची, हाच प्रश्न त्यातही होता. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे ३ वाजताच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखाना ५ किलोमीटर उरला असताना अपघातात मरण पावला. नुकसानभरपाई मंजूर झाली. पण २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण मृत्यू कामावर नव्हे, वाटेवर झाला होता. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई कुटुंबाला परत मिळवून दिली. अपघाताची वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध होत असेल, तर घरून कामावर जातानाचा अपघातही नोकरीतलाच अपघात ठरू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. बावीस वर्षे एका विधवेला हेच सिद्ध करावे लागले की, तिचा पती त्या पहाटे फिरायला निघाला नव्हता.

शरीयतची कसोटी

इस्लामी न्यायशास्त्राने मजुरी घेणाऱ्याचे दोन प्रकार पूर्वीच सांगितले आहेत. एक 'अजीर मुश्तरक', म्हणजे शिंपी किंवा रंगारी यासारखा, जो अनेकांची कामे घेतो आणि काम पूर्ण करून मोबदला घेतो. दुसरा 'अजीर खास', ज्याने ठरावीक काळ एकालाच वाहिलेला असतो. 'हिदाया' या हनफी ग्रंथात हा नियम स्पष्ट आहे की, अशा माणसाने ठरलेल्या काळात स्वतःला मालकाच्या स्वाधीन केले की तो मजुरीचा हक्कदार ठरतो, मग मालकाने त्याच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतलेले असो वा नसो.

कसोटी हीच आहे. त्या वेळेचा धनी कोण? एखादा माणूस स्वतःच्या पसंतीने वलगावला राहतो आणि अमरावतीच्या एकाच दुकानात रोज कामाला येतो, तर सर्वसाधारणपणे ती वाट त्याची. पण कोठे जायचे, कोणत्या क्रमाने जायचे, किती वाजता पोहोचायचे हे सारे मालक ठरवतो, वाटेत फोन उचलला नाही तर जाब विचारतो, आणि तरीही ती वेळ कामगाराची स्वतःची आहे असे म्हणतो, तर त्याच्या बोलण्यात मेळ नाही. ज्या वेळेवर तुमची आज्ञा चालते, त्या वेळेची जबाबदारी तुमच्यापासून कशी सुटेल?

पेट्रोलभत्ता दिला म्हणजे कर्तव्य पूर्ण झाले, असेही पुष्कळांना वाटते. पेट्रोल हा वाहनाचा चारा आहे. माणसाच्या आयुष्यातले जे तास गेले, त्यांचा तो मोबदला नव्हे. प्रेषितांच्या (स.) काळात तर कामासाठी लागणारे वाहन हीसुद्धा काम सोपविणाऱ्याच्या विचाराची गोष्ट होती. 'मुस्नद अहमद'मधील एका कथनानुसार, ज्याच्यावर सार्वजनिक काम सोपविले आहे आणि ज्याच्यापाशी बसण्यास जनावर नाही, त्याला ते घेण्याची प्रेषितांनी (स.) मुभा दिली.

कोणी म्हणेल, "त्याने सर्व अटी मान्य करूनच काम धरले आहे." मुस्लिम आपल्या अटींना बांधील असतात, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे, पण तिच्यातच हराम गोष्टीला हलाल करणाऱ्या अटीचा अपवाद आहे. शिवाय अट उघड असावी लागते. मजूर ठेवण्यापूर्वी त्याला त्याची मजुरी कळवावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. "चांगले पैसे मिळतील" एवढे सांगून प्रवासाचे पाच तास गुलदस्त्यात ठेवणे म्हणजे मजुरी कळविणे नव्हे.

याउलट हजरत मूसा (अ.स.) यांची मदयनमधील हकीकत पाहा (२८:२३-२७). त्यांनी दोन भगिनींच्या जनावरांना पाणी पाजले आणि काहीही न मागता ते सावलीत जाऊन बसले. त्या मुलींच्या वृद्ध पित्याने त्यांना मोबदला देण्यासाठी स्वतःहून निरोप पाठविला. नंतर सेवेचा करार केला, तेव्हा मुदत स्पष्ट सांगितली. आठ वर्षे बंधनकारक, दहा पूर्ण केली तर ती मूसांची स्वेच्छा. आणि सांगून टाकले की, तुम्हाला कष्टात टाकण्याची माझी इच्छा नाही. न मागता देणे, मुदत उघड करणे आणि कष्ट न लादणे, या तिन्ही गोष्टी या एका प्रसंगात आल्या आहेत.

'परवडत नाही' याचे उत्तर

आपल्या समाजात मोठे कारखानदार थोडे आहेत. दोन-तीन मुले हाताखाली ठेवून दुरुस्तीचे दुकान चालविणारे बांधव मात्र शेकडो आहेत, आणि त्यांची अडचण खोटी नाही. स्पर्धा आहे, गिऱ्हाईक घासाघीस करते, कंपनीकडून येणारे पैसे लांबतात. परंतु वाटेचा खर्च नाहीसा होत नसतो. तो कोणीतरी सोसतच असतो. तुम्ही तो दरात धरला नाही, तर तो त्या मुलाच्या पोटातून निघतो. मग जो सर्वांत दुर्बल, त्याच्यावर तो टाकणे हा न्याय कसा?

मार्ग निघू शकतात. एका दिशेच्या भेटी एकाच दिवशी लावता येतात. ठरावीक अंतरापलीकडच्या भेटीचा दर आधीच सांगता येतो. घर सोडल्याची व परतल्याची वेळ वहीत लिहून महिन्याला त्या तासांचा ठरलेला मोबदला देता येतो. पूर्ण दर शक्य नसेल, तर उघडपणे बसून दोघांच्या संमतीने कमी दर ठरविता येतो. आपल्या कराराविषयी शंका असेल, तर जाणकार आलिमांना विचारावे. शून्य आणि मौन, या दोन गोष्टी मात्र ईशभय बाळगणाऱ्याला शोभत नाहीत. आणि जे ठरले ते वेळेवर द्यावे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याचा आदेश इब्ने माजाच्या हदीसमध्ये आहे. प्रवासाची बिले तीन-तीन महिने अडकवून ठेवणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा.

उन्हाळ्यात दुपारच्या भेटी सकाळी किंवा सायंकाळी लावणे, हेसुद्धा याच कर्तव्यात येते. हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे टाकू नये, टाकलेच तर त्याला मदत करावी, असे प्रेषितांनी (स.) हजरत अबू जर (रजि.) यांना बजावले होते.

आपण गृहस्थही मालकच आहोत

मालक म्हणजे कोणी दुसराच, असे समजून हा लेख बाजूला ठेवू नका. आपल्या घरी यंत्र बंद पडते आणि आपण कारागिराला बोलावतो. तो बारा किलोमीटरवरून येतो, झाकण उघडतो आणि सांगतो की, सैल झालेली एक तार होती, बसविली. आपण म्हणतो, "दोनच मिनिटांचे काम, त्याचे कसले पैसे?" ती दोन मिनिटे आपण पाहिली, त्याआधीचा पाऊण तास आपण पाहिला नाही. कधी तर तो दारात पोहोचल्यावर आपण फोनवर कळवितो की, आज घरी कोणी नाही, उद्या ये.

आणि आपल्या मुलांना नाजिरा कुरआन शिकविण्यासाठी घरोघरी जाणारे हाफिज साहेब, मुअल्लिमा? एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात सायकलने, रिक्षाने किंवा पायी जाऊन ते पाच घरे करतात. आपण त्यांना मोजतो ती अर्ध्या तासाची बैठक. त्यातही मूल आजारी म्हणून चार दिवस सुट्टी झाली की ते पैसे वजा, मग त्या चार दिवशी ते दारापर्यंत येऊन परत का गेले असेनात! जो ग्रंथ माप पुरे भरण्यास सांगतो, तोच शिकविणाऱ्याचे माप आपण कमी भरतो, यापेक्षा मोठी लाजिरवाणी गोष्ट कोणती?

कामगार बांधवांसाठी

हक्काबरोबर अमानतही आहे. वाटेचा वेळ कामात धरावा, असे ज्याला वाटते, त्याने त्या वेळेशी प्रामाणिक राहिले पाहिजे. न झालेल्या भेटी लिहिणे, मूर्तिजापूरहून परत फिरून अकोल्याचे किलोमीटर लावणे, पेट्रोलपंपाची वाढीव पावती आणणे, हीसुद्धा मापातली काटछाटच आहे. प्रेषितांनी (स.) जकात गोळा करण्यास पाठविलेल्या एका माणसाने काही वस्तू आपल्याला भेट मिळाल्याचे सांगून वेगळ्या ठेवल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) जाहीरपणे त्याचा निषेध केला आणि विचारले की, तो आपल्या आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या काय? कामाच्या निमित्ताने हाती येणारी प्रत्येक गोष्ट तपासण्यासाठी हा एक प्रश्न पुरेसा आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, 'सहीह बुखारी'तील एका हदीसनुसार, अंतिम निवाड्याच्या दिवशी ज्या तीन माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः वादी म्हणून उभा राहील, त्यांत एक असा आहे, ज्याने मजूर ठेवला, त्याच्याकडून काम पुरते घेतले आणि मजुरी दिली नाही. त्या दिवशी तारखा पडणार नाहीत आणि बावीस वर्षे थांबावेही लागणार नाही. आपल्या शब्दावर घर सोडून निघालेल्या प्रत्येक माणसाचा रस्ता तेथे साक्षीला येईल. तेव्हा या महिन्याचा हिशेब करताना वहीत एक रकाना वाढवा. त्यात जाण्याची वेळ लिहा आणि परतण्याचीही.

हे अल्लाह! आमच्या घेण्याचे आणि देण्याचे माप एकच ठेव. आमच्या कामासाठी वाटेवर असलेल्या प्रत्येकाला सुखरूप त्याच्या घरी पोहोचव, आणि त्याचा हक्क आमच्या गळ्यात अडकलेला असताना आम्हाला तुझ्यासमोर उभे करू नकोस. आमीन.